अंतराळयानांच्या नोंदींवरून प्लाझ्माचा गत्यात्मक सिद्धांत कसा तपासावा : तालुक्याच्या महाविद्यालयात बसून करता येईल अशी रीत

सूर्यापासून सतत वाहणारा प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि हेलियमच्या केंद्रकांचा प्रवाह म्हणजे सौरवारा. त्याची गेल्या तीस वर्षांची मोजमापे आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात आणि त्यांच्या आधारे भौतिकशास्त्रातील एक मूलभूत सिद्धांत खरोखर तपासता येतो. त्यासाठी साधा लॅपटॉप, पायथन, अधूनमधून का होईना पण चालणारे इंटरनेट आणि एक जाड नोंदवही एवढेच साहित्य लागते, आणि ते दर्यापूर, पुसद, वणी किंवा ब्रह्मपुरीच्या महाविद्यालयातही मिळते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय शोधणारे विदर्भातील विद्यार्थी आणि त्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक डोळ्यांपुढे ठेवून ही रीत लिहिली आहे. बी.एस्सी.चे विद्युतचुंबकत्व आणि सांख्यिकी पक्के असेल, तर बाकीचे वाटेत शिकता येते.

सिद्धांत नेमका काय म्हणतो

प्लाझ्मा म्हणजे सुट्या विद्युतभारित कणांचा वायू; सौरवारा हा त्याचाच नमुना. प्लाझ्माचे वर्णन दोन प्रकारे करता येते. त्याला द्रव मानले, तर घनता, सरासरी वेग आणि तापमान या तीन राशींवर काम भागते. गत्यात्मक सिद्धांत मात्र प्रत्येक जागी आणि प्रत्येक क्षणी किती कण कोणत्या वेगाने जात आहेत, म्हणजे वेगवितरण काय आहे, हे विचारतो. कापसाच्या बाजारात दिवसाचा सरासरी भाव कळला, तरी कोणाच्या गाडीला काय भाव लागला आणि किती माल पडेल भावात गेला, हे त्यावरून कळत नाही. सरासरी आणि वितरण यांच्यातला फरक तो हाच. घरातल्या हवेत रेणूंच्या टकरा इतक्या होतात की वितरण क्षणात मॅक्सवेलच्या ठरावीक आकाराला येते आणि सरासरीवर भागून जाते. सौरवाऱ्यात प्रोटॉनच्या दोन टकरांमधले अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटरच्या घरात जाते. टकराच नसल्यामुळे वितरण वाकडेतिकडे राहू शकते, आणि त्या वाकडेपणातून काय घडते ते गत्यात्मक सिद्धांत आधीच सांगतो. इतक्या विरळ आणि इतक्या मोठ्या प्लाझ्मात आत शिरून मोजण्याची सोय पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत होत नाही.

संगणक उघडण्यापूर्वी : आकड्यांचा अंदाज

पहिले काम कागदावरचे आहे आणि ते टाळू नये. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्याची नेहमीची स्थिती धरू : घनता दर घन सेंटिमीटरला ५ प्रोटॉन, चुंबकीय क्षेत्र ५ नॅनोटेस्ला, तापमान १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सुमारे १ लाख १६ हजार केल्विन. यावरून प्रोटॉनचा औष्णिक वेग सेकंदाला सुमारे ४४ किलोमीटर येतो, चुंबकीय रेषेभोवती एका फेरीला सुमारे १३ सेकंद लागतात, आणि त्या फेरीची त्रिज्या सुमारे ९० किलोमीटर भरते. डिबाय लांबी, म्हणजे ज्या अंतरापलीकडे एका कणाचा विद्युतभार भोवतीच्या कणांमुळे झाकला जातो ते अंतर, मात्र १० मीटरच्या आसपास असते. हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर आपल्याला एकच प्रश्न पडणार आहे : माझे उपकरण ज्या वेगाने मोजते, त्या वेगात ही घटना दिसू शकते का? जे उपकरण दीड मिनिटात एक मोजमाप देते, त्याला १३ सेकंदांची फेरी कधीच दिसणार नाही. परंतु तासन्‌तास टिकणारा वितरणाचा आकार त्याला व्यवस्थित दिसतो. कोणती तपासणी कोणत्या यानावर करायची, हे यावरून ठरते.

पहिली पायरी : एकच दावा निवडणे

'गत्यात्मक सिद्धांत तपासणे' हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. त्यातला एक दावा उचलावा लागतो, आणि तो असा हवा की चुकीचा असल्यास डेटामध्ये चुकीचा दिसलाच पाहिजे. सुरुवातीसाठी मी तापमानाच्या विषमदिकतेचा दावा सुचवतो.

चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनना दोन तापमाने असू शकतात : क्षेत्राला समांतर आणि क्षेत्राला लंब. सौरवारा सूर्यापासून पसरत जातो तेव्हा टकरांअभावी लंब तापमान चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात उतरते, तर समांतर तापमान घनतेच्या वर्गाला क्षेत्राच्या वर्गाने भागून येणाऱ्या राशीच्या प्रमाणात बदलते. क्षेत्र अरीय दिशेत असेल, तर घनता आणि क्षेत्र ही दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतात. म्हणून समांतर तापमान जागच्या जागी राहते आणि लंब तापमान कोसळते. हे असेच चालू राहिले असते, तर पृथ्वीजवळ दोन्हींत प्रचंड तफावत दिसली असती. सिद्धांत म्हणतो की तफावत एका मर्यादेपलीकडे गेली की प्लाझ्मा अस्थिर होतो, त्यात चुंबकीय लहरी आपोआप वाढतात, आणि त्या लहरी कणांना विखरून तफावत पुन्हा कमी करतात. ती मर्यादा, म्हणजेच उंबरठा, समांतर बीटा या राशीवर अवलंबून असतो. प्रोटॉनचा समांतर दाब भागिले चुंबकीय दाब म्हणजे समांतर बीटा.

पेत्र हेलिंगर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हे उंबरठे एका सोप्या सूत्रात मांडले. लंब आणि समांतर तापमानांचे गुणोत्तर = १ + अ ÷ (बीटा − क)^ब. अस्थिरता चार प्रकारच्या आहेत : सायक्लोट्रॉन आणि मिरर या लंब तापमान जास्त झाल्यावर उठतात, तर फायरहोजचे दोन प्रकार समांतर तापमान जास्त झाल्यावर. लहरींच्या वाढीचा दर प्रोटॉनच्या कोनीय फेरी-वारंवारतेच्या एक हजारांश धरल्यास स्थिरांक असे येतात :

प्रोटॉन सायक्लोट्रॉन अस्थिरता : अ ०.४३, ब ०.४२, क −०.०००४
मिरर अस्थिरता : अ ०.७७, ब ०.७६, क −०.०१६
समांतर फायरहोज : अ −०.४७, ब ०.५३, क ०.५९
तिरकस फायरहोज : अ −१.४, ब १.०, क −०.११

एक हजारांश हा दर फारच मंद वाटतो. वरच्या आकड्यांत बसवून पाहिले तर लहर सुमारे ३५ मिनिटांत २.७ पट होते, आणि सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाच्या सौरवाऱ्याला पृथ्वीपर्यंत यायला चार दिवसांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे अस्थिरतेला आपले काम करायला भरपूर अवधी आहे.

आता हीच मर्यादा द्रव मानणाऱ्या सिद्धांताकडून विचारा. त्याच्या मते फायरहोजचा उंबरठा १ − २ ÷ बीटा इतका असतो. बीटा ४ असताना द्रव सिद्धांत गुणोत्तर ०.५० पर्यंत उतरू देतो. गत्यात्मक सिद्धांताची तिरकस फायरहोज ०.६६ ला अडवते आणि समांतर फायरहोज ०.७५ च्या जवळ. बीटा २ असताना तर द्रव सिद्धांताची काहीच हरकत राहत नाही, आणि गत्यात्मक सिद्धांत मात्र ०.३४ ला किंवा ०.६१ ला थांबवतो. दोन सिद्धांत जिथे वेगळे बोलतात ती जागा सापडली की तपासणीला अर्थ येतो. नोंदवहीत तारीख घालून आधीच लिहून ठेवावे : 'बीटा २ ते ४ या पट्ट्यात अमुक टक्क्यांहून अधिक नोंदी तिरकस फायरहोजच्या रेषेखाली पडल्या, तर हा दावा फसला असे मी मानीन.' टक्का कोणता धरायचा हे उपकरणाच्या त्रुटीवरून आणि मार्गदर्शकाशी बोलून ठरवावे; पण आलेख पाहण्यापूर्वी ठरवावे. आलेख पाहिल्यानंतर ठरवलेली कसोटी ही कसोटी राहत नाही.

दुसरी पायरी : डेटा उतरवणे

या कामासाठी विंड हे यान सर्वांत सोयीचे आहे. ते १ नोव्हेंबर १९९४ रोजी सोडले गेले आणि २००४ पासून पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूभोवती (जिथे यान पृथ्वीसोबतच सूर्याभोवती फिरत राहते) फिरत आहे. त्यावरील सौरवाऱ्याच्या उपकरणातील फॅरेडे पेले, म्हणजे आत शिरणाऱ्या कणांचा विद्युतप्रवाह मोजणारे धातूचे पेले, साधारण ९२ सेकंदांना एक पूर्ण मोजमाप देतात. यान स्वतःभोवती तीन सेकंदांत एक गिरकी घेते, त्यामुळे पेल्याचे तोंड वेगवेगळ्या दिशांना जाते आणि त्या सगळ्या दिशांच्या विद्युतप्रवाहावर दोन तापमानांचे मॅक्सवेल वितरण बसवून घनता, वेग, समांतर आणि लंब औष्णिक वेग काढले जातात. ही तयार राशी नासाच्या सीडीएवेब या संकेतस्थळावर 'डब्ल्यूआय-एच१-एसडब्ल्यूई' या नावाने मिळते. चुंबकीय क्षेत्राच्या तीन सेकंदांच्या नोंदी 'एमएफआय' या उपकरणाच्या आहेत. नोंदणी करावी लागत नाही.

ज्या गावात रात्रीच नेटवर्क धड मिळते आणि दिवसा वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तिथे सगळी फाईल उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. संकेतस्थळावर हव्या तेवढ्या राशी निवडून मजकुराच्या स्वरूपात यादी मागता येते. दिवसाला सुमारे ९४०, म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेतीन लाख नोंदी होतात. पहिल्या तपासणीला एक वर्ष पुरते. महिन्याचे बारा तुकडे करून उतरवावेत, प्रत्येक तुकडा आला की लगेच पेनड्राइव्हवर दुसरी प्रत करावी आणि किती ओळी आल्या ते नोंदवहीत लिहावे. पायथनमध्ये सीडीएफलिब आणि पायस्पेडास ही साधने हेच काम थेट करतात, पण ती बसवायला चांगली जोडणी लागते. जिल्ह्याच्या गावी गेल्यावर एकदाच बसवून आणावीत. सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपल्या घड्याळाशी ताडताना साडेपाच तास मिळवावे लागतात, हे फाईलच्या नावातच लिहून ठेवले तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

तिसरी पायरी : निवडणे

प्रकल्पाचा निम्मा वेळ इथे जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी ही पायरी भराभर उरकतात आणि पुढे आलेखावर डोके खाजवत बसतात.

जागा भरण्यासाठी टाकलेले अवास्तव मोठे आकडे सर्वांत आधी काढावेत. नाहीतर सरासरीचा विचका होतो. नंतर प्रत्येक नोंदीसोबत येणारा गुणवत्तेचा शेरा पाहावा. त्या शेऱ्यांचा अर्थ डेटाच्या वर्णनातच दिलेला असतो, तो स्वतः वाचावा आणि सर्वोत्तम दर्जाच्याच नोंदी ठेवाव्यात. १९९४ ते २००४ या काळात यान अनेकदा पृथ्वीच्या चुंबकीय प्रभावक्षेत्रातून गेले आहे, म्हणून पहिल्या प्रकल्पासाठी २००५ नंतरचे वर्ष घ्यावे.

हेलियमकडे विशेष लक्ष द्यावे. फॅरेडे पेला कणाची ऊर्जा भागिले विद्युतभार एवढेच ओळखतो. हेलियमच्या केंद्रकाचे वस्तुमान प्रोटॉनच्या चौपट आणि विद्युतभार दुप्पट असल्यामुळे, तो प्रोटॉनच्याच वेगाने येत असला तरी उपकरणाला १.४१ पट वेगाचा प्रोटॉन वाटतो. सौरवारा थंड असेल तेव्हा दोन शिखरे स्वच्छ वेगळी दिसतात. तापलेला असेल तेव्हा ती एकमेकांत मिसळतात आणि प्रोटॉनचे तापमान उगाच जास्त भरते. म्हणून औष्णिक वेग प्रवाहाच्या वेगाच्या तुलनेत फार मोठा असलेल्या नोंदी वेगळ्या काढून त्यांचा आलेख स्वतंत्रपणे पाहावा.

यापुढची गाळणी अनेक जण विसरतात, आणि निकालावर तिचा परिणाम सर्वांत मोठा असतो. एका मोजमापाच्या ९२ सेकंदांत चुंबकीय क्षेत्राची दिशा वळली, तर समांतर आणि लंब यांची सरमिसळ होते. हिशोब करून पाहू. खरे गुणोत्तर २ आहे, म्हणजे समांतर तापमान १ आणि लंब तापमान २, आणि आपण धरलेली दिशा खऱ्या दिशेपासून २० अंशांनी सरकलेली आहे. २० अंशांच्या साइनचा वर्ग ०.११७ येतो. मोजलेले समांतर तापमान ०.८८३ गुणिले १ अधिक ०.११७ गुणिले २, म्हणजे १.११७ होते. लंब दिशा दोन असतात. त्यांतली एक २ वरच राहते, दुसरी १.८८३ होते, आणि सरासरी १.९४ येते. गुणोत्तर उरते १.७४. म्हणजे केवळ २० अंशांच्या ढिलाईने विषमदिकतेचा चौथा हिस्सा नाहीसा झाला, आणि उंबरठ्याबाहेर असलेली नोंद निमूटपणे आत येऊन बसली. सिद्धांत खरा ठरल्याचा भास निर्माण करणारी ही त्रुटी असल्यामुळे ती अधिक घातक आहे. उपाय असा : प्रत्येक ९२ सेकंदांच्या खिडकीतील तीन-तीन सेकंदांच्या सुमारे तीस चुंबकीय नोंदी घ्याव्यात, सरासरी दिशेपासून प्रत्येकीचा कोन काढावा, आणि त्यांचा विखुर १० अंशांहून अधिक असलेल्या खिडक्या वगळाव्यात. मग मर्यादा १५ अंश आणि २० अंश करून तोच आलेख पुन्हा काढावा. निकाल मर्यादेप्रमाणे डळमळत असेल तर तसे अहवालात लिहावे.

चौथी पायरी : आकडेमोड

डेटामध्ये तापमानाऐवजी औष्णिक वेग मिळत असल्यामुळे हिशोब फार सुटसुटीत होतो. गुणोत्तर म्हणजे लंब औष्णिक वेग भागिले समांतर औष्णिक वेग, यांचा वर्ग. समांतर बीटा म्हणजे समांतर औष्णिक वेग भागिले आल्फव्हेन वेग, यांचा वर्ग. आल्फव्हेन वेग म्हणजे प्लाझ्मात चुंबकीय रेषांवरून लहर ज्या वेगाने धावते तो वेग. तो काढण्यासाठी नॅनोटेस्लामधील क्षेत्राला २१.८ ने गुणून घनतेच्या वर्गमुळाने भागावे. उत्तर सेकंदाला किलोमीटरमध्ये येते. आपल्या नमुना आकड्यांसाठी तो ४८.७ येतो आणि बीटा ०.८१. या बीटाला सायक्लोट्रॉनचा उंबरठा १.४७ आणि मिररचा १.८९ आहे. संगणकावर विश्वास ठेवण्यापूर्वी वर्गातल्या प्रत्येकाने अशा पाच-सहा ओळी कॅल्क्युलेटरवर सोडवाव्यात आणि प्रोग्रामच्या उत्तराशी ताडाव्यात. नॅनोटेस्ला आणि टेस्ला, घन सेंटिमीटर आणि घन मीटर यांची गल्लत इथेच पकडली जाते.

पाचवी पायरी : आलेख

आडव्या अक्षावर समांतर बीटा, उभ्या अक्षावर गुणोत्तर, दोन्ही लॉगरिदमिक. पट्टीचे समान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात किती नोंदी पडल्या ते रंगाने दाखवावे. वीसपेक्षा कमी नोंदींचे चौकोन कोरे सोडावेत. त्यावर चार गत्यात्मक रेषा आणि द्रव फायरहोजची पाचवी रेषा काढावी. बहुतेक नोंदी बीटा १ च्या आसपास असतात, त्यामुळे कडेचा विरळ भाग फिका दिसतो. म्हणून प्रत्येक उभ्या पट्ट्याची बेरीज एक करून दुसरा आलेखही काढावा. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की लहान बीटाला पसरलेला आणि मोठ्या बीटाकडे निमुळता होत जाणारा आकार दिसू लागतो.

सहावी पायरी : आपलाच निकाल मोडून पाहणे

या आलेखात एक सापळा आहे. समांतर औष्णिक वेग दोन्ही अक्षांत येतो : बीटामध्ये अंशस्थानी आणि गुणोत्तरात छेदस्थानी. तो चुकून १० टक्के जास्त मोजला गेला, तर बीटा १.२१ पट होतो आणि गुणोत्तर तितक्याच पटीने घटते. म्हणजे नुसत्या मोजणीच्या त्रुटीमुळे प्रत्येक बिंदू डावीकडून उजवीकडे उतरत्या तिरक्या रेषेवर घसरतो, आणि वरचे दोन उंबरठेही उजवीकडे उतरतेच आहेत. तेव्हा ढगाची वरची कड उतरती दिसली म्हणून अस्थिरता सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही.

यासाठी खोटा डेटा तयार करावा. घनता आणि क्षेत्र खऱ्या नोंदींतलेच ठेवावेत, समांतर वेगही तोच ठेवावा, लंब वेग मात्र त्याच्या बरोबरीचा करावा; म्हणजे विषमदिकता शून्य झाली. मग दोन्ही वेगांत १० टक्क्यांची यादृच्छिक त्रुटी मिसळून तोच आलेख काढावा. या खोट्या ढगाला उंबरठ्यांची काहीच माहिती नसल्यामुळे त्याची रुंदी सगळ्या बीटांना सारखीच राहते : गुणोत्तरात सुमारे २८ टक्के. आता खऱ्या ढगाकडे पाहावे. बीटा १० ला मिररचा उंबरठा १.१३ इतकाच आहे. खरा ढग तिथे खोट्या ढगापेक्षा अरुंद असेल, तर दोन गोष्टी एकदम कळतात : निमुळतेपणा त्रुटीतून आलेला नाही, आणि उपकरणाची खरी त्रुटी १० टक्क्यांहून कमी असली पाहिजे. जस्टिन कॅस्पर आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर विंडच्या फॅरेडे पेल्यांची अचूकता तपासली होती. सिद्धांत आणि उपकरण एकमेकांची परीक्षा घेतात ती ही जागा, आणि या संपूर्ण कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. त्रुटी ५ टक्के आणि ३ टक्के धरून खोटा ढग पुन्हा काढावा आणि तिन्ही आलेख अहवालात द्यावेत.

सातवी पायरी : दुसरा साक्षीदार

नोंदी रेषेच्या आत राहतात, एवढ्यावरून त्यांना आत ठेवणारी अस्थिरताच आहे असे ठरत नाही. अस्थिरता असेल तर तिच्या लहरीही दिसल्या पाहिजेत. पुन्हा चुंबकीय नोंदींकडे जावे आणि प्रत्येक खिडकीत क्षेत्राचे चढउतार भागिले सरासरी क्षेत्र ही राशी काढावी. आधीच्याच चौकोनांना आता नोंदींच्या संख्येऐवजी या राशीच्या मध्यकाचा रंग द्यावा. स्टुअर्ट बेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली विंडच्याच नोंदींवरून दाखवले की उंबरठ्यांच्या कडेने चढउतार वाढलेले असतात. मिररच्या कडेला क्षेत्राच्या परिमाणातले बदल जास्त असावेत, अशी सिद्धांताची अपेक्षा आहे. म्हणून परिमाणातले आणि दिशेतले चढउतार वेगवेगळे मोजावेत.

इथे तिसऱ्या पायरीशी एक विरोध उभा राहतो. ज्या खिडक्यांत क्षेत्र फार हलते त्या आपण काढून टाकल्या आहेत, आणि आता क्षेत्र हलते का असे विचारत आहोत. यातून पूर्ण सुटका नाही. कोनाची मर्यादा बदलत जाऊन कडेवरची वाढ टिकते का, हे पाहणे एवढेच हाती असते.

निकाल कसा वाचावा

अनेकांना निराश करणारी गोष्ट इथे घडते, आणि ती मुळीच निराशाजनक नाही. गुणोत्तर १ पेक्षा जास्त असलेल्या बाजूला सायक्लोट्रॉनचा उंबरठा बीटा २ ला १.३२ आणि मिररचा १.४५ आहे. साध्या रेषीय सिद्धांतानुसार नोंदी १.३२ ला अडायला हव्यात. हेलिंगर आणि सहकाऱ्यांना विंडच्या डेटात त्या सायक्लोट्रॉनची रेषा ओलांडून मिररच्या रेषेपर्यंत गेलेल्या दिसल्या. खालच्या बाजूलाही समांतर फायरहोजपेक्षा तिरकस फायरहोजची रेषा अधिक चांगली बसली. म्हणजे 'उंबरठे असतात आणि ते द्रव सिद्धांताच्या उंबरठ्यांहून कडक आहेत' हा दावा टिकतो, पण 'प्रोटॉनचे वितरण दोन तापमानांच्या मॅक्सवेलसारखे आहे, हेलियम नाही आणि प्लाझ्मा सर्वत्र एकसारखा आहे' या गृहीतांवर काढलेली सायक्लोट्रॉनची रेषा टिकत नाही. खऱ्या सौरवाऱ्यात हेलियम असतोच आणि प्रोटॉनचा एक वेगवान झोतही वारंवार दिसतो. अहवालात सिद्धांत कोणत्या गृहीतापाशी अडखळला, हे नेमके लिहावे. 'सिद्धांताशी चांगला मेळ बसतो' हे वाक्य टाळावे.

पुढची तपासणी : वितरण थेट पाहणे

वरची रीत वितरणाच्या दोन तापमानांवर थांबते. खरी गत्यात्मक घटना, म्हणजे लहरीची ऊर्जा ठरावीक वेगाच्याच कणांनी शोषून घेणे, पाहायची असेल तर संपूर्ण वितरण झपाट्याने मोजणारे यान लागते. लेव लँडाऊ यांनी १९४६ साली गणिताने दाखवलेले हे क्षीणन, म्हणजे लहरीचे विरत जाणे, टकरांशिवाय घडते. मार्च २०१५ मध्ये सोडलेली एमएमएस मोहिमेची चार याने इलेक्ट्रॉनचे त्रिमितीय वितरण ३० मिलिसेकंदांत आणि आयनांचे १५० मिलिसेकंदांत मोजतात. ख्रिस्टोफर चेन, क्रिस्टोफर क्लाइन आणि ग्रेगरी हाउस यांनी २०१९ साली त्यांतील नोंदींवरून पृथ्वीभोवतीच्या मॅग्नेटोशीथमधल्या (पृथ्वीच्या चुंबकीय प्रभावक्षेत्राबाहेर अडलेल्या सौरवाऱ्याच्या थरातल्या) खळबळीत इलेक्ट्रॉनच्या लँडाऊ क्षीणनाचा पुरावा मांडला.

रीत थोडक्यात अशी. प्रत्येक क्षणी समांतर विद्युतक्षेत्र आणि वितरणाचा समांतर वेगानुसार येणारा उतार यांचा गुणाकार करून त्याला विद्युतभार, वेगाचा वर्ग आणि वजा अर्धा यांनी गुणायचे, आणि लहरीच्या आवर्तनकाळापेक्षा मोठ्या अवधीवर सरासरी घ्यायची. नुसते इकडून तिकडे होणारे ऊर्जेचे हेलकावे सरासरीत उडून जातात आणि कायमचे हस्तांतर उरते. लहरीच्या वेगाच्या एका बाजूला ऋण आणि दुसऱ्या बाजूला धन अशी जोडखूण उमटली, तर ती लँडाऊ क्षीणनाची.

अडचण समांतर विद्युतक्षेत्राची आहे. प्रवाहाचा वेग सेकंदाला २०० किलोमीटर आणि क्षेत्र ३० नॅनोटेस्ला असेल, तर नुसत्या प्रवाहामुळे मीटरला ६ मिलिव्होल्टचे लंब विद्युतक्षेत्र तयार होते. चुंबकीय दिशा एका अंशाने चुकली तरी त्यातले ०.१ मिलिव्होल्ट समांतर क्षेत्रात घुसते, आणि आपण शोधत असलेला संकेत तेवढाच दुबळा असू शकतो. म्हणून कमी वारंवारतेचा भाग गाळून घ्यावा लागतो. दुसरी अडचण मोजणीची : एका कप्प्यात १०० कण मोजले गेले तर अनिश्चितता १० टक्के, ४ मोजले गेले तर ५० टक्के, आणि उतार काढताना ती आणखी वाढते. घनता जास्त असलेला मॅग्नेटोशीथ त्यासाठीच निवडतात. हे काम पहिल्या प्रकल्पाला घेऊ नये. पहिला प्रकल्प पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याने ते दुसऱ्या वर्षी जरूर घ्यावे.

आदित्य-एल१ च्या नोंदी

२ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी एल-१ भोवतीच्या कक्षेत पोचलेले आपले आदित्य-एल१ हेच मोजमाप करते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या 'ॲस्पेक्स' उपकरणात सौरवाऱ्याच्या आयनांसाठी एकमेकांना लंब प्रतलांत पाहणारे दोन विश्लेषक आहेत, तिरुवनंतपुरमच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेचे 'पापा' हे सौरवाऱ्याचे कण मोजणारे उपकरण आहे, आणि सहा मीटरच्या दांड्यावर बसवलेले चुंबकमापक आहेत. नोंदी इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी करून मिळतात. विंड आणि आदित्य एकाच बिंदूभोवती फिरत असले तरी त्यांच्यात लाखो किलोमीटरचे अंतर असू शकते, त्यामुळे एका क्षणाच्या दोन नोंदी थेट शेजारी ठेवू नयेत. प्रवाहाच्या वेगावरून विलंब काढावा, किंवा महिनाभराच्या नोंदींचे वितरणच एकमेकांशी ताडावे. विंडवर पक्की केलेली गाळणी आणि खोट्या डेटाची पद्धत आदित्यच्या नोंदींवर जशीच्या तशी लावावी, मात्र त्रुटीचा अंदाज नव्याने काढावा.

अहवालासोबत मूळ डेटाची तारीख आणि आवृत्ती, प्रत्येक गाळणीनंतर उरलेल्या नोंदींची संख्या, संपूर्ण प्रोग्राम आणि आधी लिहून ठेवलेल्या कसोटीच्या पानाची छायाप्रत जोडावी. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने दुसरे वर्ष निवडून तोच प्रोग्राम चालवावा, म्हणून ही सगळी पेटी विभागाच्या संगणकावर आणि एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी.